प्रवास-प्रश्नोत्तरे : श्रीलंकेत आधी महिना, मग नकाशा

श्रीलंकेतील साहसी भटकंतीविषयी वाचकांची बरीच पत्रे साचली होती, म्हणून या वेळचे सदर त्या एकाच देशासाठी राखून ठेवले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत. कुठे कुठे जाणार, हे बहुतेकांनी सविस्तर कळवले आहे. केव्हा जाणार, हे मात्र दोघातिघांनीच लिहिले आहे. या बेटाच्या बाबतीत उत्तराचा मोठा भाग त्या ‘केव्हा’वरच अवलंबून असतो.

प्रश्न : आम्ही चार मित्र जुलैमध्ये चौदा दिवसांसाठी श्रीलंकेला जाणार आहोत. संपूर्ण बेटाला एक फेरी मारायची, त्यात श्रीपाद शिखर चढायचे, मिरिस्साला देवमासे पाहायचे, सर्फिंग शिकायचे, नकल्सच्या डोंगरात पायपीट करायची आणि जाफन्यालाही जाऊन यायचे, असा बेत आहे. दिवसवार आराखडा सोबत जोडला आहे. तो पार पडेल का?

उत्तर : आराखडा मन लावून केलेला आहे यात शंका नाही, अडचण एवढीच की त्यातला निम्मा भाग जानेवारीचा आणि निम्मा जुलैचा आहे. श्रीलंकेत पावसाळे दोन असतात आणि ते बेटाच्या दोन बाजू आपसांत वाटून घेतात. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिम व दक्षिण किनाऱ्यावर आणि मध्यवर्ती डोंगरांच्या पश्चिम उतारांवर पाऊस आणतात. त्याच महिन्यांत पूर्व किनारा कोरडा असतो आणि तिथला समुद्र बराच शांत असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्य मोसमी वारे वाहू लागले की सगळे उलटे होते. मधल्या महिन्यांत, म्हणजे मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दुपारनंतर गडगडाटासह सरी कुठेही कोसळू शकतात, आणि वर्षाच्या अखेरीस बंगालच्या उपसागरातील वादळांची धास्ती असते.

म्हणून जुलैच्या यादीतून श्रीपाद आणि मिरिस्सा आधी काढून टाका. श्रीपादाच्या यात्रेचा हंगाम मे महिन्यातील वेसाक पौर्णिमेला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, संपतो, आणि मिरिस्साचा समुद्र जुलैत खवळलेला असतो. निळे देवमासे त्या सुमारास त्रिंकोमालीच्या बाजूला दिसण्याची शक्यता अधिक असते. सर्फिंगचेही तसेच आहे : वेलिगामा आणि हिक्कडुवा ही नोव्हेंबर ते एप्रिलची ठिकाणे; तुमच्या महिन्यात लाटा हव्या असतील तर पूर्वेला पोत्तुविलजवळच्या अरुगम बेला जावे लागेल. नकल्सचा बेत पूर्णपणे रद्द करण्याचे कारण नाही, कारण त्या रांगेचे पूर्वेकडील उतार या काळात बऱ्यापैकी कोरडे असतात. पश्चिमेकडून चढण्याचा विचार मात्र सोडा.

दुसरी अडचण वेगाची. बेटाचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, उत्तर-दक्षिण लांबी साडेचारशे किलोमीटरही नाही. त्यामुळे नकाशा पाहणाऱ्याला चौदा दिवस ऐसपैस वाटतात. प्रत्यक्षात कोलंबो ते कँडी हे सव्वाशे किलोमीटरांच्या आतले अंतर तीन-साडेतीन तास घेते आणि घाटरस्त्यांवर ताशी तीस किलोमीटरांचा हिशेब धरणेच शहाणपणाचे ठरते. तुमच्या आराखड्यात अकरा मुक्काम आहेत. इतक्या मुक्कामांत साहस उरत नाही, फक्त पिशव्या भरणे आणि सोडणे उरते.

मी तुमच्या जागी असतो तर चारच तळ ठरवले असते. विमानतळावरून थेट हबरणाच्या परिसरात जाऊन तीन रात्री राहावे. पाचव्या शतकात कश्यप राजाने राजधानीसाठी निवडलेला सिगिरियाचा खडक तिथून जवळ आहे. सुमारे बाराशे पायऱ्या आहेत आणि दार उघडताच चढायला लागावे, कारण दहा वाजल्यानंतर खडक तापतो आणि पायऱ्यांवर रांग लागते. कड्याला गांधीलमाश्यांची पोळी आहेत, तिथल्या ‘शांत राहा’ या पाट्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत. तिकीट काढताना पासपोर्ट जवळ ठेवा. सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीचा दर लागतो. खरे सांगायचे तर तुमच्यासारख्यांना समोरचा पिदुरांगला अधिक आवडेल, कारण त्याच्या शेवटच्या टप्प्यात मोठ्या शिळांवरून हातपाय टेकत चढावे लागते आणि वर गेल्यावर सिगिरियाचा अख्खा खडक समोर दिसतो. याच मुक्कामात मिन्नेरिया पाहता येईल. महासेन राजाच्या काळातला हा तलाव कोरड्या महिन्यांत आटत जातो, उघड्या पडलेल्या तळावर गवत उगवते आणि त्या गवतासाठी हत्तींचे कळप जमू लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ही गर्दी शिगेला पोहोचते. जुलैत तिची सुरुवात मिळू शकते.

त्यानंतर तीन रात्री त्रिंकोमालीजवळच्या निलावेलीला, चार रात्री अरुगम बेला आणि शेवटच्या तीन रात्री एल्ला किंवा हापुतळेला काढाव्यात. एल्ला डोंगरात असूनही जुलैत चालते, कारण उवा प्रांताचा हा भाग पर्जन्यछायेत येतो. पलीकडे पाऊस टाकून आलेला वारा इकडे कोरडा होऊन उतरतो. तिथे त्याला ‘कच्चान’ म्हणतात आणि उवाच्या चहाला जो खास स्वाद येतो तो याच दिवसांत. अरुगम बेला असताना तुमची तारीख जुळली तर आणखी एक गोष्ट पाहायला मिळेल : कटरगामाच्या उत्सवासाठी जाफन्यापासून पायी निघालेले यात्रेकरू ओकंदाच्या मुरुगन मंदिराशी थांबतात आणि त्यांच्यासाठी उघडलेल्या वाटेने ‘कुमना’ व ‘याला’ या राष्ट्रीय उद्यानांचे जंगल पायी पार करतात. ती यात्रा आहे, ट्रेक नव्हे. पाहायला जावे, पण फोटोसाठी त्यांच्या वाटेत उभे राहू नये.

जाफना या फेरीतून वगळावे असे माझे स्पष्ट मत आहे. तिकडे जाण्यायेण्यात जे दोन दिवस जातील ते अरुगम बेच्या लाटा शिकण्यातून कापले जातील, आणि सर्फिंग दोन दिवसांत कोणालाही येत नाही. एक सूचना राहिली. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या ‘दितवाह’ चक्रीवादळामुळे मध्य डोंगराळ भागात मोठ्या दरडी कोसळल्या, रस्ते आणि लोहमार्ग उखडले गेले. एल्लाच्या प्रसिद्ध रेल्वेप्रवासावर बेत उभा करण्यापूर्वी कोणता टप्पा चालू आहे हे श्रीलंका रेल्वेकडून तपासून घ्या.

प्रश्न : तीनचाकी टुकटुक भाड्याने घेऊन ती स्वतः चालवत बेट फिरायचे, असे मी व माझ्या पत्नीने ठरवले आहे. माझ्याकडे मोटार चालवण्याचा परवाना आहे. तेवढा पुरेल का? आणि यात धोका किती?

उत्तर : तेवढा पुरणार नाही. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा लागेल. पण श्रीलंकेत नुसता तोही चालत नाही, त्यावर सिलोन ऑटोमोबाइल असोसिएशनची मान्यता घ्यावी लागते किंवा तिथल्या मोटार वाहतूक विभागाकडून तात्पुरता परवाना मिळवावा लागतो. टुकटुक भाड्याने देणारे बहुधा ही कागदपत्रे करून देतात. ती करून दिली असे त्यांनी सांगितले म्हणून समाधान मानू नका. मूळ कागद हातात घ्या, त्यावर तीनचाकीचा उल्लेख आहे का ते वाचा आणि मगच किल्ली स्वीकारा. परवाना सदोष असेल तर विमा कंपनी नुकसानभरपाई नाकारते, आणि हे अपघातानंतरच कळते.

वाहतूक डाव्या बाजूनेच असते, रस्ते एकंदरीत चांगले आहेत आणि बिघाड झाला तर जवळपास प्रत्येक गावात ही गाडी खोलून दुरुस्त करणारा माणूस सापडतो. द्रुतगती मार्गांवर तीनचाकीला बंदी आहे, त्यामुळे दक्षिणेकडे जाताना किनाऱ्याच्या जुन्या रस्त्यानेच जावे लागेल. नाही तरी तोच रस्ता पाहण्यासारखा आहे. दिवसाला शंभर किलोमीटरांपेक्षा अधिक अंतर ठेवू नका. घाट उतरताना ब्रेक दाबून न धरता खालचा गिअर टाकावा. खासगी बस मागून कर्णा वाजवत आली की मान राखून तिला वाट द्यावी. तिच्याशी नियमांची चर्चा करण्यात अर्थ नाही.

खरा धोका हत्तींचा आहे आणि तो बहुतेकांना गमतीचा वाटतो. हबरणाकडून त्रिंकोमालीकडे जाणारा रस्ता आणि बुत्तला ते कटरगामा हा रस्ता, या दोन्हींवर रानटी हत्ती येतात. प्रवाशांनी खाऊ घालून काहींना इतके सोकावले आहे की ते वाहन अडवून आत सोंड घालतात, आणि टुकटुकीला काचा नसतात. अशा रस्त्यांवर दुपारी चारनंतर निघूच नये. हत्ती समोर दिसल्यास लांबच थांबावे, कर्णा वाजवू नये, उतरू नये आणि मागे वळण्याइतकी जागा नेहमी राखावी. फळे हाताशी ठेवू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : माझे वय ५८ आहे. गुडघे थोडे कुरकुरतात, पण रोज पाच किलोमीटर चालते. श्रीपाद शिखर चढण्याची फार दिवसांची इच्छा आहे. हा हट्ट सोडून द्यावा का?

उत्तर : ताई, हट्ट सोडू नका, तारीख मात्र विचारपूर्वक निवडा. शिखराची उंची २,२४३ मीटर आहे आणि नल्लतन्नियाच्या, म्हणजे ज्याला डलहौसी असेही म्हणतात त्या बाजूने सुमारे साडेपाच हजार पायऱ्या आहेत. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेच्या वेसाक पौर्णिमेपर्यंत हंगाम असतो. या काळात रात्रभर वाटेवर दिवे असतात, जागोजागी चहाची दुकाने असतात आणि सत्तरी ओलांडलेल्या आजीबाई नातवंडांचा हात धरून अनवाणी चढताना दिसतात. पौर्णिमेची रात्र आणि शनिवार-रविवार टाळा, कारण त्या दिवशी शेवटच्या टप्प्यात रांग तासन्‌तास जागची हलत नाही. जानेवारी-फेब्रुवारीतला एखादा मंगळवार किंवा बुधवार उत्तम. रत्नपुरेकडून येणारी वाट अधिक लांब आणि खडी आहे. ती तुमच्यासाठी नाही.

सामान्य चालीचा माणूस तीन-चार तासांत वर पोहोचतो. तुम्ही पाच-साडेपाच तास धरा आणि रात्री बारालाच निघा, म्हणजे सूर्योदयासाठी धावपळ होणार नाही. वर थंडी आणि वारा दोन्ही असतात. घामाने भिजलेला सदरा बदलण्यासाठी एक कोरडा सदरा आणि वर लोकरीचे काहीतरी पिशवीत असू द्या. गुडघ्यांची परीक्षा चढताना नव्हे, उतरताना होते. दोन काठ्या न्याव्यात, पायऱ्या किंचित तिरके होऊन उतराव्यात आणि त्या दिवशी पुढचा प्रवास ठेवू नये. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना गुडघे दाखवून घ्या आणि महिनाभर रोजच्या चालण्याऐवजी जिने चढण्या-उतरण्याचा सराव करा; सपाटीवरचे पाच किलोमीटर इथे फारसे उपयोगी पडत नाहीत.

हंगामाबाहेर जाण्याचा मोह टाळावा, असे मी अनुभवाने सांगतो. एकदा गर्दी नको म्हणून मी नोव्हेंबरात चढलो. दिवे नव्हते, दुकाने बंद होती, पाऊस आडवा येत होता आणि वर पोहोचल्यावर दहा फुटांपलीकडचे दिसेना. सूर्योदयाच्या वेळी पश्चिमेला पडणारी शिखराची त्रिकोणी सावली पाहायला मी गेलो होतो. ती मला तीन वर्षांनंतर, फेब्रुवारीत दिसली. माथ्यावरच्या पदचिन्हाला बौद्ध लोक बुद्धाचे मानतात, हिंदू शिवाचे आणि मुसलमान आदमचे. वाटेत भेटणारे यात्रेकरू ‘करुणावै’ म्हणून एकमेकांना शुभेच्छा देतात, आपणही म्हणावे. वरच्या घंटेचे टोल आपण जितक्या वेळा चढून आलो तितकेच द्यायचे असतात, म्हणजे तुम्ही एकच.

प्रश्न : जळवांचे काय करावे?

उत्तर : ‘सिंहराजा’ नावाच्या वर्षावनात आणि नकल्सच्या ओल्या वाटांवर त्या असणारच. विजार मोज्यांत खोचावी, वर जाड विणीचे खास मोजे मिळतात ते चढवावेत आणि दर अर्ध्या तासाने पाय पाहावेत. चिकटलेली जळू नखाने बाजूला सारली की सुटते. तिला जाळण्याच्या नादात स्वतःची कातडी भाजू नये. जखम वाहते, पण जळवांनी आजवर कोणाची सहल थांबवलेली मी पाहिली नाही. डासांकडे अधिक लक्ष द्या : जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये श्रीलंकेला मलेरियामुक्त घोषित केले असले तरी डेंग्यू आहे आणि तो देणारा डास दिवसा चावतो.

प्रश्न : मला पोहता येते, पण फक्त तलावात. स्नॉर्केलिंग, सर्फिंग आणि जमल्यास बुडालेल्या जहाजापाशी डायव्हिंग, असे तिन्ही करायचे आहे. ऑगस्टमध्ये जाणार आहे.

उत्तर : ऑगस्ट म्हणजे पूर्व किनारा. निलावेलीसमोर साधारण एक किलोमीटरवर पिजन आयलंड हे छोटे बेट आहे. २००३ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. उथळ पाण्यात प्रवाळ, कासवे आणि काळ्या टोकांच्या परांचे लहान शार्क दिसतात. हे शार्क माणसाला पाहून दूर जातात. सकाळच्या पहिल्या होडीने जावे, लाइफ जॅकेट घालावे आणि प्रवाळावर कधीही उभे राहू नये. दमल्यावर पाय टेकायला तो दगडासारखा वाटतो, पण तो सजीव आहे, आणि धारदारही.

सर्फिंगसाठी अरुगम बे ठीक आहे, मात्र तिथल्या ‘मेन पॉइंट’पासून दूर राहा. ती लाट खडकाळ तळावर फुटते आणि अनुभवी लोकांसाठी आहे. नवशिक्यांना शिक्षक ‘बेबी पॉइंट’ला किंवा ‘पीनट फार्म’ला नेतात. तलावातल्या पोहण्याला एक गोष्ट माहीत नसते, ती म्हणजे किनाऱ्याकडून आत ओढणारा प्रवाह. त्यात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर यावे आणि मग वळावे. ज्या दिवशी लाल निशाण असेल त्या दिवशी पाण्यात उतरू नये. त्याच ऑगस्टमध्ये दक्षिण किनाऱ्यावर एखादा मोकळा, सुंदर पुळणीचा पट्टा दिसला तर तो मोकळा का आहे याचा आधी विचार करावा.

जहाजाविषयी म्हणाल तर बट्टिकलोआजवळचे ‘एचएमएस हर्मिस’ तुमच्या मनात असावे. ही ब्रिटिश विमानवाहू नौका ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांच्या हल्ल्यात बुडाली. ती पन्नास मीटरांहून अधिक खोल आहे आणि हौशी डायव्हिंगची मर्यादा चाळीस मीटरांची असते. तिथे तांत्रिक प्रशिक्षण घेतलेलेच उतरतात. नवशिक्याला कोणी ‘चला, दाखवून आणतो’ म्हणाले तर त्याच्याकडून काहीच शिकू नये. या खेपेस प्राथमिक अभ्यासक्रम करा, आणि शेवटच्या डुबकीनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान एक पूर्ण दिवस मध्ये जाऊ द्या.

प्रश्न : मी एकटीच फेब्रुवारीत तीन आठवडे डोंगरात चालणार आहे. नकल्समध्ये वाटाड्याशिवाय जाता येईल का? तंबू नेऊ का? रेल्वेगाडीच्या दारात बसून प्रवास करण्याचीही इच्छा आहे.

उत्तर : तीन आठवड्यांसाठी मी तुम्हाला नकल्सऐवजी ‘पेको ट्रेल’ सुचवेन. कँडीजवळच्या हंताना भागातून निघून हापुतळे, एल्ला असे वळसे घेत नुवारा एलियाला संपणारी ही सुमारे तीनशे किलोमीटरांची वाट बावीस टप्प्यांत विभागलेली आहे. ती चहाच्या मळ्यांतल्या जुन्या वाटांवरून जाते, त्यामुळे दिवसभरात माणसे भेटत राहतात आणि संध्याकाळी छप्पर मिळते. सगळे टप्पे करण्याचा अट्टहास नको, दहा-बारा निवडा. चहा खुडणाऱ्या बायकांना विचारलेली वाट फोनवरच्या नकाशापेक्षा अधिक खात्रीची असते.

नकल्समध्ये एकटीने, वाटाड्याशिवाय जाऊ नये. धुके उतरले की दहा मिनिटांत वाट दिसेनाशी होते आणि फोनला बहुतेक ठिकाणी संपर्क नसतो. मीमुरेसारख्या गावातून स्थानिक वाटाड्या घ्यावा. प्रवेश वन विभागाच्या तिकिटावर मिळतो आणि तंबू ठोकण्यासाठी वेगळी परवानगी लागते. हॉर्टन प्लेन्सच्या पठारावर मात्र वाटाड्याची गरज नाही. सुमारे नऊ किलोमीटरांची वर्तुळाकार वाट आहे, पण ‘वर्ल्ड्स एंड’च्या आठशे मीटरांहून अधिक खोल कड्यावर सकाळी नऊच्या आत पोहोचला नाहीत तर दरीऐवजी पांढरा ढग पाहून परतावे लागेल.

पावसानंतर डोंगरात निघण्यापूर्वी राष्ट्रीय इमारत संशोधन संस्थेचे दरडींचे इशारे पाहावेत : पिवळा म्हणजे सावध राहा, नारिंगी म्हणजे निघण्याची तयारी ठेवा, लाल म्हणजे जागा सोडा. पिवळा इशारा असला तरी मी त्या दिवशी चहा पीत बसतो. गर्दीच्या बसमध्ये त्रास होऊ शकतो. शक्यतो पुढच्या बाजूला, बायकांशेजारी बसा आणि नको त्या स्पर्शावर मोठ्याने बोला, आजूबाजूचे लोक साथ देतात. पर्यटकांसाठी पोलिसांचा क्रमांक १९१२ आहे आणि मोफत रुग्णवाहिकेचा १९९०.

गाडीच्या दारात बसण्याबद्दल माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. डोंगरातल्या रेल्वेमार्गावर बोगदे आहेत, रुळांलगतचे खडक आणि झाडे डब्याच्या फार जवळून जातात, आणि फोटोसाठी बाहेर झुकलेल्या प्रवाशांचे जीव तिथे गेलेले आहेत. खिडकी उघडते, तेवढे पुरे.

प्रश्न : विमानाऐवजी समुद्रमार्गे जाफन्याला उतरून तिथूनच प्रवास सुरू करता येईल का? डिसेंबरचा विचार आहे.

उत्तर : नागपट्टिनम ते कांकेसंतुरै ही प्रवासी बोट ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, मध्ये बंद पडली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. प्रवास चार तासांच्या आसपासचा आहे आणि पासपोर्ट व ऑनलाइन प्रवास परवाना विमानाप्रमाणेच लागतो. कल्पना चांगली आहे, महिना चुकला आहे : ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत पाल्कच्या सामुद्रधुनीत समुद्र उसळतो आणि ही सेवा थांबवली जाते.

मार्चनंतर जाणार असाल तर जाफन्याहून कुरिकट्टुवान धक्क्यावर जाऊन डेल्फ्ट बेटाची होडी पकडा. प्रवाळी दगडांची कुंपणे, डच किल्ल्याचे अवशेष आणि माळावर मोकळी फिरणारी तट्टे यांसाठी एक पूर्ण दिवस द्यावा. उत्तरेत भटकताना रुळलेली वाट मात्र सोडू नका. २००९ मध्ये युद्ध संपले असले तरी काही पट्ट्यांत सुरुंग काढण्याचे काम अजून चालू आहे. कवटीचे चित्र असलेली लाल पाटी दिसली तर आल्या पावली परत फिरावे. आणि डिसेंबरच पक्का असेल तर कोलंबोला विमानाने उतरून दक्षिण किनाऱ्याकडे निघा, जाफना पुढच्या खेपेसाठी ठेवा.